कागद पोचेपर्यंत

माझ्या नणंदेचा आजही समज आहे की मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. सणावाराला तिच्याकडे गेलं की ती बंद पडलेला प्रिंटर माझ्यापुढे आणून ठेवते. मला यातलं काही कळत नाही म्हटलं की तिला वाटतं, वहिनी भाव खाते. कंपनीतल्या मुलांचा समज याच्या उलट होता. त्यांच्या मते मी गावभर चहा पीत सह्या गोळा करत हिंडणारी बाई. दोन्ही समज चुकीचेच, पण मुलांचा खऱ्याच्या थोडा जास्त जवळ होता, हे मान्य करायला हवं.

नागपूरच्या सदरमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शिक्षण बी.कॉम. प्रोग्रॅम लिहिता येत नाही, शिकावंसंही वाटलं नाही. माझं काम 'युजर अॅक्सेप्टन्स टेस्टिंग', म्हणजे ज्याला सॉफ्टवेअर वापरायचं आहे त्यानं ते स्वतः वापरून बघणं आणि स्वीकारणं किंवा नाकारणं. ऑफिसात सगळे त्याला 'यूएटी' म्हणत. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, त्याला 'सहीचं काम' म्हणत.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायचं तर असं. आधी कुणीतरी गिऱ्हाइकाकडे जाऊन विचारून येतो, तुम्हाला काय हवं. ते तो लिहून काढतो. लिहिल्याप्रमाणे मुलं प्रोग्रॅम बनवतात. मग आमच्याच कंपनीतले दुसरे लोक तो तपासतात, की लिहिलं होतं तसं झालं की नाही. इथवरचा मामला घरातल्या घरात. शेवटी तो खऱ्या माणसांच्या हातात द्यायचा, आणि ही शेवटची पायरी माझी. ब्लाउजच्या ट्रायलसारखी. माप बरोबर घेतलं, शिवण सरळ आली, म्हणून ब्लाउज बसतोच असं नाही. हात वर करून बघावा लागतो. मी लोकांना हात वर करायला लावत असे.

या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे लोकांचा चांगुलपणा. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. मी पोचले की आधी तर्री-पोहे यायचे, मग चहा, आणि मग पडद्याकडे नीट न बघताच, "मस्त आहे मॅडम, एकदम झकास. सही कुठं करायची?" अशी सही तीन महिन्यांनी शिव्यांच्या रूपात परत येते, हे मला पहिल्या वर्षातच कळलं. तेव्हापासून मी "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारणं सोडून दिलं. बाजूला खुर्ची टाकायची, हात मांडीवर ठेवायचे, माउसला हात लावायचा नाही, आणि समोरचा अडला तरी तोंड उघडायचं नाही. शेवटची गोष्ट फार अवघड. माझ्या नवऱ्याला ती कधी खरी वाटली नाही.

धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी आम्ही नंबर पुकारायची यंत्रणा केली होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर पेशंटचा नंबर, निळ्यावर पांढरा. डॉक्टरांनी स्वतः रंग निवडला होता. तीन बैठका झाल्या, सगळे खूश. चाचणीच्या दिवशी मी बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसले. शेजारच्या आजीबाईंनी डोळे मिचकावत मला विचारलं, "काय लिहून राहिलं वं तिथं? मले तं नुसता उजेड दिसते." इकडेतिकडे पाहिलं तर बाकावरच्या सगळ्यांच्याच डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकलेले. ज्यांना तासभर काहीच वाचता येणार नाही अशांसाठी आम्ही वाचायची सोय केली होती. दुसऱ्या आठवड्यात तिथे नंबर बोलून सांगणारा भोंगा बसला.

उलट वाडीकडचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ. त्यांना कुणावरही विश्वास नव्हता, आमच्यावर तर नाहीच. त्यांनी ड्रायव्हरच्या जागी आपल्या पॉमेरियन कुत्रीचं नाव टाकलं, वय टाकलं, लायसनच्या रकान्यात मनाला येईल तो आकडा टाकला. सॉफ्टवेअरनं तिला विनातक्रार रायपूरची गाडी दिली. शेठ खुर्चीत मागे रेलले. "पाहा मॅडम, आमची स्वीटी रायपूरले चालली. डिझेलचं कोणाले विचारायचं?" आमची मुलं चिडली, म्हणाली हा काय प्रकार आहे. मला तो माणूस फार आवडला. सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर माझी नोकरी निम्मी सोपी झाली असती.

आता मुख्य गोष्ट सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

नागपूरच्या आसपास वीजकेंद्रं कमी नाहीत. त्यांतल्या एका खाजगी केंद्राचं काम आम्हाला मिळालं होतं. माझे दीर खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचे म्हणून ओळखीचे लोक लगेच तिकडे बोट दाखवतात. तर ते हे नव्हे, आणि कोणतं ते मी सांगणारही नाही.

काम होतं परमिटचं. वीजकेंद्रात कोळसा दळणाऱ्या मोठाल्या गिरण्या असतात, त्यांना तिथे मिल म्हणतात. मिल बिघडली की माणसं तिच्या पोटात शिरून काम करतात. ती आत असताना कुणी चुकून वीज जोडली तर पुढचं सांगायची गरज नाही. म्हणून परमिटचा कागद असतो. कंट्रोल रूममधला ऑपरेटर वीज तोडतो, कुलूप लावतो, पाटी अडकवतो आणि परमिटवर सही करून फोरमनला देतो. मगच माणसं आत जातात. काम झालं की फोरमन त्याच कागदावर 'काम पूर्ण, माणसे व अवजारे बाहेर' असं लिहून सही करतो. कागद इंजिनीअरच्या केबिनमध्ये जातो, तिथून शिफ्ट इनचार्जकडे, तिथून कंट्रोल रूममध्ये. मग ऑपरेटर वीज जोडतो. हा कागद आम्ही टॅबवर आणायचा होता. बटण दाबलं की सगळ्यांकडे एकदम.

आमचा मुलगा तिथे जाऊन आठवडाभर फोरमन लोकांना विचारून आला होता. त्यांनी सांगितलं ते अगदी नियमाच्या पुस्तकातलं: काम संपतं, माणसं बाहेर येतात, मोजतो, मग सही करतो. कुणी खोटं बोललं नव्हतं. माणसाला तू काम कसं करतोस असं विचारलं, की ते कसं करायला हवं हेच तो सांगतो. मलाही कुणी स्वयंपाकाचं विचारलं तर मी मोजून मीठ घालते असंच सांगीन.

केंद्राच्या मुख्य अभियंत्यांना, साहेबांना, चाचणी वातानुकूलित सभागृहात हवी होती, मोठ्या पडद्यावर, समोशांसकट. मी हट्ट धरला की खऱ्या मिलवर, खऱ्या कामाच्या वेळी होईल. साहेब म्हणाले, "मॅडम, तिथं धूळ आहे." मी म्हटलं, सॉफ्टवेअरही तिथेच राहणार आहे. शेवटी असं ठरलं की खरा कागद नेहमीप्रमाणे फिरेल, खरी वीज त्या कागदावरच चालेल, आणि त्याच्या बरोबरीनं टॅबवर आमचा खेळ चालेल. म्हणजे टॅबवर काहीही झालं तरी कुणाच्या जिवाला धोका नाही.

फोरमन होते भोजराज लांजेवार. पन्नाशी उलटलेले, केसांत कोळसा कायमचा मुरलेला, बोलणं कमी. कंट्रोल रूममध्ये गजभिये होते, त्यांचे जुने मित्र. दोघांना मी आधीच सांगून ठेवलं, रोज करता तसंच करा. माझ्यासाठी म्हणून काही नीटनेटकं करू नका. तुमचं काही चुकलं तर ती चूक सॉफ्टवेअरची धरू, तुमचं नाव कुठेही येणार नाही. हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी म्हणायचे. त्याशिवाय कुणी हात वर करत नाही.

मी कंट्रोल रूममध्ये गजभियांच्या शेजारी बसले. दुपार झाली. त्यांच्या पडद्यावर हिरवी पट्टी आली: काम पूर्ण, माणसे व अवजारे बाहेर. गजभियांनी ती वाचली, मान हलवली आणि 'वीज जोडा' हे बटण दाबलं. टॅबच्या खेळातली मिल सुरू झाली. सगळं लिहिल्याप्रमाणे. आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मला वाटलं, लांजेवारांना सांगावं की छान झालं, या चहाला. फोन लावला.

"हॅलो, मॅडम. येतो जी. झालंच आता."

"कुठे आहात?"

"मिलपाशीच आहो ना. दिवाकर अन् एक जण आतमंदी आहेत. दोन बोल्ट कसले का झालं."

फोनमधून हातोडीचे ठोके ऐकू येत होते, आणि कुणाचा तरी खोकला. मी फोन गजभियांच्या कानाशी धरला. त्यांनी ऐकलं आणि माउसवरचा हात असा उचलला की जणू तो तापला होता. मग दोघंही त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो. खऱ्या मिलची वीज तुटलेलीच होती, हे मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं.

लांजेवार वर आले तेव्हा त्यांना आम्ही पडदा दाखवला. मग त्यांनीच उलगडून सांगितलं, आणि ते इतकं सरळ होतं की त्यात दोष कुणाला द्यावा हेच कळेना. कागद केबिन, इनचार्ज, कंट्रोल रूम असा फिरायला बराच वेळ लागतो. कुणी जेवायला गेलेला असतो, कुणी साइटवर. सगळं संपल्यावर कागद पाठवला तर मिल तेवढा वेळ उगाच बंद राहते आणि वरून बोलणी बसतात. म्हणून शेवटचे बोल्ट उरले की सगळेच फोरमन सही करून कागद पुढे पाठवून देतात.

"कागद पोचेपर्यंत माणसं हात धुऊन बाहेर राहतेत जी," लांजेवार म्हणाले. "इतक्या वर्षांत कोणाले काही झालं नाही."

गजभिये म्हणाले, "अन् मलेही माहीत असते ना. कागद आला म्हणजे माणसं निघाली असतीन."

नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. त्या माणसांना वाचवत होता तो नियमही नव्हता आणि सहीही नव्हती. कागदाची दिरंगाई त्यांना वाचवत होती. आणि आम्ही नेमकी तीच काढून टाकली होती, आणि ती काढल्याचीच जाहिरात करत होतो.

निघताना लांजेवार माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले. "मॅडम, माह्यं नाव येईल का जी रिपोर्टात?"

मी म्हटलं, नाही.

"नाव आलं तं मेमो भेटते. आमच्यात माणसं आत असताना परमिट बंद करणं म्हणजे घरी जायचं काम आहे." मग म्हणाले, "अन् नाही आलं तं हे असंच सुरू होईल का?"

त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न एकीकडे, दिवाकरसारख्यांच्या जिवाचा दुसरीकडे, आणि मधे मी दिलेला शब्द.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. आमचे सर होते, मी होते. गजभिये आणि लांजेवार वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून भिंतीशी बसले होते. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, मुंबईच्या मुख्यालयातून पाहुणे यायचे होते. मी सांगितलं, चाचणी नापास आहे. काय झालं ते सांगितलं, कुणाकडून झालं ते सोडून.

साहेब शांत माणूस. ओरडले नाहीत. म्हणाले, "सॉफ्टवेअरनं लिहिल्याप्रमाणे काम केलं ना?"

"हो."

"मग सॉफ्टवेअर पास आहे. चूक माणसाची आहे. फोरमन कोण होता?"

मी म्हटलं, ते सांगणार नाही. सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. म्हणाले, "आपण एक ट्रेनिंग ठेवू सर. सगळ्यांना समजावून सांगू."

"ट्रेनिंग कायचं? माझी माणसं असं करतच नाहीत," साहेब म्हणाले. "चला, माझ्यासमोर करा."

आम्ही सगळे मिलपाशी गेलो. साहेब हेल्मेट घालून उभे राहिले. लांजेवारांनी आतल्या प्रत्येकाला बाहेर बोलावलं, ओळीत उभं केलं, मोजलं, अवजारं मोजली आणि मग बटण दाबलं. पुस्तकात लिहिलंय तसं, शब्दाला शब्द. साहेब समोर असताना दुसरं काय होणार होतं! सून सासऱ्यांसमोर पदर घेते, तेवढ्यावरून ती दिवसभर घेते असं कुणी मानत नाही. पण सरांनी माझ्याकडे 'झालं?' अशा नजरेनं पाहिलं.

केबिनमध्ये परत आलो. साहेबांनी स्वीकृतीचा कागद पुढे ओढला, 'सर्व चाचण्या पूर्ण व समाधानकारक' या ओळीखाली सही केली आणि तो लांजेवारांकडे सरकवला. वापरणाऱ्यांच्या वतीनं त्यांची सही लागत होती.

मी म्हटलं, "साहेब, एक चाचणी अजून झालेलीच नाही. काम चालू असताना शिफ्ट बदलली तर परमिट पुढच्या माणसाकडे जातं की नाही, ती. ती उद्या आहे."

"उद्या होऊन जाईल ना मॅडम," साहेब पेनाचं टोपण लावत म्हणाले. "फाइल मुंबईला जायला चार-पाच दिवस लागतात. सही करून पुढे पाठवून देऊ. कागद पोचेपर्यंत झालेली असेल."

मला आधी काही लक्षातच आलं नाही. सरांना तर शेवटपर्यंत आलं नाही. लांजेवार पेन हातात घेऊन बसले होते. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"साहेब," ते म्हणाले, "मीबी असंच म्हणतो जी."

"काय?"

"कागद पोचेपर्यंत होऊन जाते, असं. काल तो फोरमन मीच होतो. माणसं आत होती अन् मी बटन दाबलं." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण थांबले नाहीत. "मी एकटा नाही जी. सगळेच करतेत. कागद होता तं चालून जात होतं. हे आता लगेच पोचते."

गजभिये उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही माहीत नसावं. म्हणाले, "मलेही माहीत होतं, साहेब." आणि परत बसले.

साहेबांनी स्वतःच्या सहीकडे पाहिलं. बाहेर कूलिंग टॉवरचं पाणी पडत असतं त्याचा आवाज त्या केबिनमध्ये सतत येतो, तो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवला. मग त्यांनी लांजेवारांपुढचा कागद स्वतःकडे ओढून घेतला, मधोमध घडी घातली आणि खिशात ठेवला.

"उपाय काय ते सांगा," ते मला म्हणाले.

मेमो निघाला नाही. काढायचा तर दोन काढावे लागले असते, आणि दुसरा, साहेबांच्या स्वतःच्या नावाचा, कुणी सही करून द्यायचा हा प्रश्न होता. साहेबांनी त्या दिवसाचा उल्लेख माझ्यासमोर पुन्हा कधी केला नाही. मुंबईला त्यांनी फोन करून उद्घाटन पुढे ढकललं, कारण तांत्रिक असं सांगितलं.

उपाय साधाच होता. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपलं ओळखपत्र टॅबसमोर धरायचं, बाहेर आल्यावर स्वतःच परत धरायचं. जितकी नावं आत, ती सगळी बाहेर आल्याशिवाय 'काम पूर्ण' हे बटण उजळतच नाही. फोरमननं कितीही दाबलं तरी ते राखाडीच. आमच्या मुलांनी कुरकुर करत ते बनवलं. मी पुन्हा मिलपाशी जाऊन खुर्ची टाकली, आणि या वेळी सगळ्या चाचण्या संपेपर्यंत स्वीकृतीचा कागद बॅगेतून बाहेर काढला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, बाईचं कौतुक झालं असेल. तसं काही झालं नाही. काम लांबलं म्हणून सर माझ्यावर नाराज झाले आणि मोठ्या गिऱ्हाइकांकडे मला पाठवणं हळूहळू कमी झालं. "तुमचं काम सही आणायचं आहे, परीक्षा घ्यायचं नाही," असं ते एकदा म्हणाले, आणि मनानं वाईट माणूस नव्हेत, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्याचं दुःख झालं. माझ्या धंद्याची मोठी अडचण हीच आहे की तो नीट केला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला निदान पडद्यावर काहीतरी दाखवता येतं. मी काय दाखवणार? निवृत्तीच्या समारंभात माझ्याविषयी बोलताना सर म्हणाले, मॅडमच्या काळात आपल्याकडे कधी मोठा घोटाळा झाला नाही, आपण नशीबवान होतो.

निवृत्तीनंतर सदरमध्ये मी फारशी जात नाही. मागच्या उन्हाळ्यात चष्मा बदलायला गेले होते, तर दुकानाबाहेर कुणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारली. लांजेवार. केस आता पांढरेशुभ्र, कोळसा निघून गेलेला, म्हणून आधी ओळखलंच नाही. तेही निवृत्त झाले होते, हुडकेश्वरला घर बांधलं होतं. शेजारच्या टपरीवर चहा सांगितला आणि बसल्या बसल्या तक्रारच सुरू केली.

"तुमच्या त्या बटनानं खूप तरास देल्ला जी आमाले."

"का? काय झालं?"

"अहो, दहा जण आत, दहा कार्डं. एक जण पान खायला निघून जाते, कार्ड दाखवत नाही. मंग त्याले शोधा. तोपर्यंत वरून फोनवर फोन, मिल काहून चालू नाही. पोट्टे तुमच्या नावानं शिव्या देत. खोटं कायले सांगू, मीही देत होतो."

मी म्हटलं, द्यायलाच हव्यात.

"रिटायर व्हायच्या आधीची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. चहाचा ग्लास त्यांनी बाकावर ठेवला. "सगळे बाहेर आले. मी इचारलं, सगळे आले का गा? हौ, म्हणे सगळे आले. मी मोजले बी, पण दुसऱ्या ग्यांगचा एक जण तिथंच उभा होता, तो माह्या मोजण्यात आला. मले का माहीत! बटन दाबून राहिलो तं उजळूनच नाही राहिलं. पडद्यावर एक नाव दिसे, दिवाकर. मी म्हणलं, गेला असल कार्ड न दाखवता, त्याची सवयच होती तशी. वरून फोन सुरू. मी तिथं मिलच्या तोंडापाशी उभा राहून तुमाले शिव्या देऊन राहिलो होतो मॅडम, चांगल्या मोठ्यानं."

रस्त्यावरून एक बस गेली.

"अन् आतून खोकला आला," ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या सवयीनं हात मांडीवर ठेवून बसून राहिले. लांजेवारांनी डोळ्यांवरून हात फिरवला, ग्लास उचलला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"दिवाकरच्या पोरीचं लग्न झालं मंग," ते म्हणाले, "तं मले पंगतीत पहिला बसवला त्यानं. तो आत असताना मी बटन दाबून राहिलो होतो, हे त्याले सांगतलं नाही मी अजून. तुमाले सांगावं वाटलं."